आमच्या ठकीचा गुरुवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. हळदीकुंकवाच्या वेळी नावे पुकारणे आणि सहलीची वर्गणी कुणाची राहिली ते सांगणे, एवढाच माझा आवाज या सभागृहात आजवर ऐकू आला असेल. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या ठकीच्या गमती सांगा, बायका हसतील." मी म्हटले, गमती सांगते, पण त्यांत एक-दोन हसण्याजोग्या नाहीत, त्या गाळू का? तर म्हणाल्या, "वीस मिनिटांत बसतील तेवढ्या सगळ्या सांगा." म्हणून हे मनगटावरचे घड्याळ काढून पुढे ठेवले आहे.

ठकी म्हणजे आमचे शेंडेफळ. तिचे पाळण्यातले नाव चांगले लांबलचक आहे, ते सांगत नाही. घरात ती ठकीच. थोरली बारावीला, मधला नववीला, आणि मी एकोणचाळीस वर्षांची असताना, टाळेबंदीच्या साली, म्हणजे २०२० मध्ये ही आली. त्या दिवसांत तोंडाला मास्क लावण्याची सक्ती होती, ती मला फार सोयीची झाली. "अगं बाई, या वयात?" असे विचारणाऱ्या बायका मास्कच्या आड हसत होत्या की नाही ते मला दिसत नव्हते, आणि माझे तोंड कसे झाले ते त्यांना दिसत नव्हते. त्यांतल्या दोघी-तिघी आज इथे समोरच बसल्या आहेत. पुढे ठकीला सगळ्यांत जास्त कडेवर घेतले ते त्यांनीच, त्यामुळे तो हिशेब केव्हाच फिटला.

पहिली गोष्ट कुकरची. ठकी तेव्हा साडेतीन वर्षांची. मी डाळीचा कुकर चढवला होता आणि गच्चीवर कपडे वाळत होते. आभाळ भरून आलेले. ठकीला ओट्यापासून लांब, उंबऱ्यावर बसवले आणि सांगितले, "इथेच बसायचं. तीन शिट्या झाल्या की मला जिन्यातून हाक मार." दहापर्यंत आकडे तिला पक्के येत होते. मी वर जाऊन जेमतेम निम्मे कपडे काढले असतील, तोच हाक आली. येऊन गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर झाकण काढले, तर डाळ जशी घातली तशी पाण्याखाली बसलेली. यजमानांना दुसऱ्या पाळीला निघायचे होते. त्यांच्या डब्यात त्या दिवशी भाकरी, ठेचा आणि लोणचे एवढेच गेले.

मी ठकीला म्हटले, "तीन शिट्या झाल्या होत्या ना गं?"

"झाल्या की. एक आपली, एक पलीकडच्या काकूंची आणि एक खालच्या वॉचमनकाकांची."

मी कपाळावर हात मारला. तर मलाच म्हणते, "तू 'आपल्या शिट्या' कुठे म्हणाली होतीस?"

यावर आईने काय बोलावे? मुलगी खोटे बोलली असती तर रागावता आले असते. तेव्हापासून मी घरात बोलताना शब्द जरा तोलून वापरते. सातवी शिकलेल्या बाईला व्याकरण शिकवले ते ठकीने.

दुसरी विमानांची. लोहगावचा विमानतळ आपल्याला जवळ. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की खिडकीच्या काचा थरथरतात आणि बोलणे तेवढ्यापुरते थांबवावे लागते, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. आम्ही मोठी माणसे यावर चडफडतो. ठकीने त्यातून स्वतःचा फायदा काढला. मी तिला रागावत असताना विमान गेले की ते जाईपर्यंत ती शांतपणे उभी राहते आणि मग म्हणते, "तेवढं रागावणं विमान घेऊन गेलं. आता परत नको सांगू."

आता गुरुवारची गोष्ट. ही थोडी लांब आहे.

आपल्या भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारची. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचे नवल वाटते. विजेचा भार सगळीकडे एकदम पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांतील कारखान्यांना सुट्टीचे निरनिराळे वार ठरवून दिलेले आहेत, त्यांत आपल्या वाट्याला गुरुवार आला. आमचे यजमान लेथवर काम करतात. आठवड्यातले सहा दिवस पाळ्यांमुळे ठकीला ते जेवताना तरी दिसतात नाहीतर झोपलेले तरी दिसतात. पुरते जागे असे ते तिला फक्त गुरुवारी मिळतात. गुरुवार दत्ताचा वार, म्हणून सकाळी ते तिला घेऊन दत्तगडावर जातात. चढताना ती पायऱ्या मोजते, उतरताना खांद्यावर बसते आणि वरून दिसणारे सगळे आपल्याच मालकीचे असल्यासारखे दाखवीत येते. (मधला मुलगा म्हणतो, गुरुवार दत्ताचा म्हणून मटण नाही आणि रविवारी बाबा घरी नाहीत म्हणून मटण नाही, तेव्हा आपल्या घरी मटणाला वारच उरलेला नाही. त्याचेही दुःख खरे आहे.)

तर ठकीच्या पंचांगात सात वार नव्हतेच. २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे पाणी एक दिवसाआड झाले, आणि ही जन्मली ती त्या हिशेबात. तिचे वार तीनच: पाण्याचा, बिनपाण्याचा आणि बाबांचा. सकाळी डोळे उघडले की विचारायची, "आई, आज कोणता? पाण्याचा की बिनपाण्याचा?" बाबांचा वार मात्र तिला विचारावा लागत नसे. बाथरूममधून दाढी करताना गाणे ऐकू आले की तो बाबांचा.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही तिला एका इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घातले. वर्गाचे नाव घेत नाही. तिथल्या बायकांनी जाणूनबुजून काही वाईट केले असे मला आजही वाटत नाही. फी वर्षाची अठरा हजार, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता मी माझ्या भिशीतून भरला आणि भरताना मला अभिमान वाटला, हेही सांगते. पहिल्या दिवशी गणवेशाचा टाय बांधला तर ठकी आरशात बघून म्हणाली, "आई, हा पट्टा कुणी धरायचा?"

त्याच महिन्याच्या अखेरीस माउलींची पालखी आली. आळंदीहून निघून थोरल्या पादुकांवरून पालखी आपल्या दिघीत येते आणि पुढे कळस, विश्रांतवाडी करीत पुण्यात जाते. आपले मंडळ मॅगझीन चौकात राजगिऱ्याचे लाडू वाटते. मी टोपली घेऊन उभी होते आणि ठकी माझ्या पदराला धरून होती. दिंड्या चालल्या होत्या. मग अश्व आले. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दर वर्षी हे दोन अश्व चालत आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण तो माउलींचा.

"आई, त्या घोड्यावर कुणीच नाही."

"आहेत. त्यावर माउली बसल्या आहेत. आपल्याला दिसत नाहीत."

ठकीने नमस्कार केला. थोड्या वेळाने रथ आला. आम्ही पालखीला हात जोडले.

"आई, पालखीत कोण आहे?"

"माउली."

"मग घोड्यावर कोण होतं?"

आजूबाजूच्या चार बायका हसल्या. मला मात्र लाज वाटली. गर्दी होती, टोपली जड झाली होती, आणि उत्तर मला येत नव्हते. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटले, "देवाच्या बाबतीत असलं विचारू नये." विमान काही त्या वेळी गेले नाही. तिला ते पुरते ऐकू आले.

पुढे ऑगस्टपासून ठकी गप्प होत गेली. आधी मला बरेच वाटले. प्रश्न कमी झाले, कामे वेळेवर होऊ लागली. पालकांच्या सभेत बाईंनी सांगितले की मूल वर्गात बोलत नाही, तर तुम्ही घरी इंग्रजीत बोला म्हणजे तिची भीड मोडेल. सभेतल्या साऱ्या आयांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी येऊन मला येणारे इंग्रजी शब्द मी मनाशी मोजले. कम, गो, सिट, ईट, स्लीप आणि वॉश हँड. भगिनींनो, एवढ्या शब्दांत कुत्रा पाळता येतो, मुलीशी बोलता येत नाही. पण मी नेटाने तेवढेच बोलू लागले. गोष्टी बंद झाल्या, कोडी बंद झाली, भाकरी थापताना चालणारी आमची बडबड बंद झाली. "ठकी, कम. ठकी, ईट." ती यायची आणि खायची.

माझ्या शिक्षणाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर मी हे का केले ते कळणार नाही. मी खेड तालुक्यातली, भीमेकाठच्या एका लहान गावची. गावात शाळा सातवीपर्यंतच, आठवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावाला. माझे दोन्ही भाऊ गेले. मला वडील म्हणाले, "पोरीच्या जातीनं पाण्यातून कुठं जायचं?" मी घरी बसले. उन्हाळ्यात नदीला गुडघाभरही पाणी नसते, मग उन्हाळ्यात तरी का जायचे नाही, हे मी कोणाला विचारले नाही. विचारायची सवयच नव्हती. पुढे या शहरात आले, तेव्हा बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, जिथे जिथे कागद पुढे येईल तिथे तिथे मी एक पाऊल मागे उभी राहत आले. ठकीचे असे होऊ नये म्हणून अठरा हजार. बाईंनी सांगितले म्हणून सहा शब्द.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री मी करंज्या तळीत होते. यजमान तिसऱ्या पाळीला गेलेले, मोठी मुले अभ्यासाला बसलेली. ठकी चुलाण्यापासून हातभर लांब पाटावर बसली होती. इतर वर्षी करंजी फुगते कशी, आत हवा कुठून शिरली, बाहेर येताना तिला भाजत नाही का, असे तिने मला भंडावून सोडले असते. त्या रात्री ती नुसती बघत होती. मग म्हणाली, "आई, तू आता गोष्ट का नाही सांगत?"

मी म्हटले, "आईला इंग्लिशमध्ये गोष्ट येत नाही बाळा."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे तुझं पण चुकतं?"

"माझं पण म्हणजे?"

तेव्हा ते बाहेर आले. तीन महिन्यांपूर्वी वर्गात वारांचे चित्र दाखवून बाईंनी विचारले होते की सुट्टीचा वार कोणता. ठकीने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि म्हणाली, "थर्सडे." बाबांच्या वाराचे इंग्रजी नाव तिने थोरलीकडून हौसेने पाठ करून घेतले होते. मुले हसली. बाई म्हणाल्या, चूक, संडे. ठकी म्हणाली, नाही, थर्सडे, माझे बाबा घरी असतात. मग तिच्याकडून दहा वेळा संडे म्हणवून घेतले. तिने म्हटले. आणि मला सांगते, "आता मी काही बोलतच नाही. म्हणजे मग चुकत नाही."

कढईतली करंजी काळी झाली. मी गॅस बंद केला आणि तिला मांडीवर घेतले. रडायची नाही असे ठरवले होते, पण ते जमले नाही. ती माझे डोळे पुसत म्हणाली, "मी तुला नाही हसणार." त्याच मांडीवर मी तिला धपाटा घातलेली पालखी आठवली. माझ्या लेकीला गप्प बसायला शिकवले ते एकट्या शाळेने, असे मला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी मी यजमानांना म्हटले, तिला तिथून काढू या. ते एकदम नाही म्हणाले. त्यांचेही चूक नव्हते. पूर्वी त्यांच्या खात्यात सुपरवायझरची जागा निघाली होती. वीस वर्षे मशिनवर हात असलेला माणूस हा, पण रोजचा अहवाल इंग्रजीत लिहायचा म्हणून ती जागा मागाहून आलेल्या एका मुलाला गेली. "मला जे नडलं ते तिला नडायचं नाही," म्हणाले. "चार दिवस गप्प बसेल, मग शिकेल." आठ दिवस आमच्यात धुसफूस चालली. शेजारणीही म्हणाल्या, एवढे पैसे भरून कोणी मुलीला काढते का? माझ्याजवळ द्यायला उत्तर नव्हते. मनात नुसते पक्के बसले होते की हे बरोबर नाही.

मग गुरुवार आला. बापलेक नेहमीप्रमाणे दत्तगडावर गेले. तासाभरात परत यायचे ते अर्ध्या तासातच आले. यजमानांनी चपला दारात काढल्या आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. ठकी आत खेळायला गेली. मी विचारले, काय झाले? ते म्हणाले, "पायऱ्यांवर तिला सहज विचारलं, ठके, आज कोणता वार? पूर्वी ओरडून सांगायची. आज माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, संडे."

एवढे सांगून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या तिचं नाव काढून ये."

पहिला हप्ता गेला तो गेला. दुसरा वाचला, त्यातून थोरलीच्या क्लासची फी भरली.

आता अंगणवाडीविषयी. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा अशी माझीही समजूत होती, हे कबूल करते. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले तिथे जातात, असे आपण हळदीकुंकवाला बसून बोलतही होतो. ठकीला घेऊन मी गेले ती दुसरे काही सुचेना म्हणून. एक खोली, पंचवीसेक मुले, भिंतीवर बाईंनी स्वतः काढलेले हत्ती. अंगणवाडीच्या ताईंनी तिला नाव विचारले, तिने सांगितले नाही. ताईंनी पुन्हा विचारले नाही. तिच्यापुढे चिंचोक्यांनी भरलेले ताट सरकवले आणि त्या दुसऱ्या मुलाचे नाक पुसायला गेल्या.

या ताईंकडून मला पुष्कळ कळले. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कचेरीत तयार झाला असेल असे मला वाटे. तो ताराबाई मोडकांच्या कामातून आला. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसे वाढवावे या विचारात ते पडले, मॉन्टेसोरीबाईंचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि शेवटी वकिली सोडून त्यांनी १९२० साली तिथे बालमंदिर काढले. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ही बालमंदिरे शहरातल्या चांगल्या घरच्या मुलांची राहिली, साहित्य महाग, आणि ते ताराबाईंना टोचत होते. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात समुद्राकाठच्या बोर्डीला गेल्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो). तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. बाईमाणसाला शिकणे अवघड अशा काळात शिकून शिक्षिका झालेल्या. आधी बालवाडी काढली, तर गरिबांची मुले तिथे येईनात. तेव्हा या दोघी मुलांच्या अंगणात गेल्या. आधी मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि मग शिकवायचे. महागड्या लाकडी साहित्याऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे. मुले जिथे आहेत तिथे, त्यांच्या अंगणातच वाडी भरली म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी काम वाढवले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तर कुरणातच शाळा नेली.

सरकारने अंगणवाड्यांची योजना सुरू केली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी. ताराबाई १९७३ मध्येच वारल्या होत्या, त्यांना ती पाहायला मिळाली नाही. अनुताईंनी पाहिली. ताईंनी मला अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र वाचायला दिले. भगिनींनो, सातवीनंतर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले हे माझे पहिले पुस्तक. एक महिना लागला. लाडक्या मालिकेचे काही भाग बुडाले.

ठकी काही एका रात्रीत बोलू लागली नाही. महिनाभर ती फक्त चिंचोके मांडीत होती. लहान एका बाजूला, मोठे एका बाजूला. मी रोज न्यायला जायची तेव्हा ताई नुसती मान हलवायच्या, म्हणजे आजही नाही. मला रात्री झोप येत नसे. आपण हिचे नुकसान केले, तिकडून काढले आणि इकडे काही होत नाही, असे वाटे. घरी मात्र मी ते सहा शब्द टाकून दिले आणि पुन्हा बडबडू लागले. उत्तर येवो न येवो, भाकरी थापता थापता कोल्ह्याची, कावळ्याची, माझ्या गावच्या नदीची गोष्ट सांगत सुटले. पहिले चार दिवस मलाच वेड्यासारखे वाटले.

नाताळाच्या सुमारास एके दिवशी घरी येताना तिने माझा हात ओढला. मुठीत दोन चिंचोके. "आई, मोठ्या चिंचोक्यात मोठं झाड असतं का?"

मी रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाला ओरडला. मी म्हटले, "मला नाही माहीत. बघू या का?" हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच म्हटले असेन. फुटक्या बादलीत माती भरून दोन्ही चिंचोके पेरले. रोज सकाळी ती बादलीपाशी जाऊन विचारायची, "उठलात का?" पंधरा दिवसांनी दोन्ही उठले. लहानाचे रोप जरा आधीच वर आले, आणि ठकीने ताबडतोब निकाल दिला, "लहान होतं ना, त्याला कमी कपडे काढायचे होते."

इंग्रजीचे मी वाईट बोलत नाही. यजमानांची गेलेली जागा मी विसरलेली नाही. थोरली रोज रात्री ठकीला पाच इंग्रजी शब्द शिकवते, गोष्टीतून, खेळातून. मीही शेजारी बसते. तिचे पाच होतात, माझे तीन. माझे चुकले की ठकी हसत नाही. बोलल्याप्रमाणे वागते.

२०२५ ची पालखी आली तेव्हा आम्ही पुन्हा मॅगझीन चौकात होतो. तीच टोपली आणि तेच लाडू. अश्व दिसल्यावर ठकी माझ्याकडे बघू लागली. मला कळले. मी म्हटले, "विचार. गेल्या वर्षीचं राहिलंय ना?" ती म्हणाली, "तुला येतं का आता?" मी म्हटले, "नाही अजून."

आमच्यापुढे मराठवाड्याकडची एक म्हातारी माळकरीण डोक्यावर तुळस घेऊन लाडू खायला थांबली होती. ठकीने तिलाच गाठले. "आजी, घोड्यावर पण माउली आणि पालखीत पण माउली, असं कसं?" माझा जीव टांगणीला लागला. आता म्हातारी रागावणार.

म्हातारीने तुळस सावरली, ठकीकडे वाकून बघितले आणि म्हणाली, "माउली म्हंजी कोण गं?"

"आई."

"तुझी आई एका टायमाला एकाच जागी असती व्हय? चुलीपाशी बी तीच, दारात बी तीच, आन् तू पडलीस की तुझ्यापाशी बी तीच."

ठकीने माझ्याकडे वर-खाली बघितले. तिला ते पटले असावे, कारण तिने लगेच पुढचा प्रश्न काढला, "पण ज्ञानेश्वर तर दादा होते ना? एकवीस वर्षांचे. दादा कसा आई होईल?" म्हातारी इतकी हसली की तिच्या हातातला लाडू सांडला. "हे मातर माउलीलाच इचार," म्हणाली, आणि दिंडीत मिसळून गेली. तिचे नाव-गाव विचारायचे माझ्याकडून राहिले.

आता पहिलीचा प्रश्न पुढे उभा आहे. महापालिकेची मराठी शाळा की दुसरी कुठली, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. यजमान एक म्हणतात, थोरली दुसरेच म्हणते, आणि मला दोघांचेही बोलणे ऐकताना खरे वाटते. ताई म्हणतात, वर्गात जाऊन बसा, बाई मुलांशी कशा बोलतात ते पाहा आणि मग ठरवा. येत्या गुरुवारी आम्ही दोघे एका शाळेत जाणार आहोत. यजमानांनी वर्गाबाहेर उभे राहायचे आणि मी आत जायचे, असे ठरले आहे. एक पाऊल मागे नाही.

काल रात्री हे भाषण मी घरी म्हणून दाखवले. ठकीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ही सगळी माझी गोष्ट आहे, मग पैसे कुणाला मिळणार?" मी म्हटले, भाषणाचे पैसे नसतात, नारळ मिळतो. तेव्हा खोबरे तिचे आणि करवंटी माझी, असा करार झाला आहे. चिटणीसबाईंनी कृपा करून नारळ जरा मोठा बघावा.

घड्याळात वीस मिनिटे केव्हाच होऊन गेली. ती तिथे पहिल्या सतरंजीवर बसली आहे आणि मघापासून हात वर करून आहे. अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर मी खाली बसते आणि तिचे काय आहे ते ऐकून घेते.